भांडं लाल का झालं

भट्टी उघडायच्या दिवशी सर मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे, डोळे मिटायचे आणि एकेक भांडं कानाशी धरून बोटाच्या पेरानं त्यावर हलकेच टकटक करायचे. भांडं धड असेल तर आवाज खणखणीत यायचा. आत कुठे तडा असेल तर बद्द. मग डोळे उघडून ते भांडं ज्याचं असेल त्याच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "हां. आता सांग, का झालं?"

फुटलेल्या भांड्याबद्दल असं कुणीही विचारील. ते चांगल्या भांड्याबद्दलही विचारायचे, आणि तिथे आमची बोबडी वळायची. चांगलं झालं ते झालं, त्यात का काय सांगायचं?

बनारसमधल्या एका कला महाविद्यालयात ते मातीकाम शिकवायचे. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. माझे वडील बँकेत, त्यांची नाशिकहून तिकडे बदली झालेली. मराठी वस्ती म्हणून बाबांनी दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या होत्या. मी बारावीला एकदा नापास होऊन दुसऱ्या खेपेला कशीबशी सुटलेली. जिथे प्रवेशाचा अर्ज घेणं अजून चालू होतं, तो वर्ग मातीकामाचा निघाला. एवढंच कारण. मातीचं प्रेम वगैरे काही नव्हतं.

तेही आमच्याच वस्तीतले, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत पौरोहित्य करणारं. थोरले बंधू अजून महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मं करायचे आणि हे समोरून गेले की यजमानांना ओळख करून द्यायचे, "हे आमचे धाकटे. कुंभार झाले." हे हसून नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. सायकल गल्लीच्या तोंडाशी, पानवाल्याकडे लावलेली असायची. कुडत्याच्या बाहीवर कालची माती वाळून पांढरी झालेली.

मी एकदा विचारलं होतं, "सर, तुम्ही ह्यात कसे आलात?"

"लहानपणी श्रावणात पार्थिव लिंगं करायला बसवायचे आम्हा पोरांना. मातीची एवढी एवढी शिवलिंगं. सकाळभर करायची, पूजा व्हायची आणि संध्याकाळी गंगेत सोडून द्यायची. मला रोज वाटायचं, एक तरी ठेवून घ्यावं. ठेवलं एकदा लपवून. दोन दिवसांत भुगा झाला त्याचा. मग शोधत बसलो, माती टिकते कशी ते."

वर्गात सगळे हिंदी बोलणारे. त्यांचे ते मास्साब. आम्हा दोघांची बोली मराठी, पण तीही बनारसी पाण्यात भिजलेली. "जल्दी कशाची आहे बिटिया?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. घाई केलेली त्यांना लांबून दिसायची. तिठ्यावरच्या चहाच्या दुकानातसुद्धा मातीचा कुल्हड हातात आला की आधी टकटक करून कानाशी धरायचे. चहावाला वैतागायचा. "मास्साब, चाय पीजिए, डॉक्टरी मत कीजिए."

पहिल्या दोन महिन्यांत माझी बहुतेक भांडी भट्टीत फुटली. मी तुकडे गोळा करायची आणि कुणी बघत नाहीसं पाहून वर्गामागच्या नाल्यात टाकून यायची. नापास झालेल्या मुलीला ही सवय आपोआप लागते. एका सकाळी येऊन बघते तर माझ्या टेबलावर ते सगळे तुकडे धुऊन, जुळवून मांडलेले. शेजारी त्यांचा चिखलानं भरलेला गमछा.

"हे तुझंच ना?"

"सर, मी ते फेकून दिलं होतं."

"ते दिसलं मला. पण न बघताच फेकलंस. तळ बघ हा, केवढा जाड. आतलं पाणी वाळलंच नाही, मग आगीत फुटणार नाही तर काय होणार? आता फेक हवं तर."

मी फेकलं नाही. वर्गात भिंतीला लाकडाच्या दोन फळ्या होत्या. खालच्या फळीवर बिघडलेली भांडी, वरच्या फळीवर साधलेली. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर कारण. 'कप सुका, कान ओला, म्हणून कान निसटला.' 'चाकावरून घाईत उतरवलं.' वरच्या फळीवरच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असायचं, 'पता नहीं.' वर्गाचा एकच नियम होता. फळीवरच्या चिठ्ठीत जे लिहिलंय ते खरं समजायचं आणि ज्याला हवं त्यानं ते वापरायचं. त्या दिवसापासून माझं जाड तळाचं भांडंही खालच्या फळीवर बसलं. माझ्या चुकीकडे बघून दुसरी कुणी आपला तळ पातळ करी, तेव्हा मला लाजही वाटायची आणि थोडं बरंही वाटायचं.

आता लाल भांड्याबद्दल सांगते.

विजेच्या भट्टीचा आम्हाला फारसा उपयोग नव्हता, कारण बनारसची वीज कधी जाईल ते सांगता यायचं नाही. आमची भाजणी मागच्या अंगणातल्या लाकडाच्या भट्टीत व्हायची. भांडं एकदा भाजून झालं की त्याला लेप द्यायचा आणि पुन्हा भाजायचं, की तो लेप वितळून काचेसारखा होतो. आमच्या लेपात तांब्याची पूड असायची. त्यानं भांडी हिरवी व्हायची, सगळ्यांचीच. त्या पावसाळ्यात भट्टी उघडली आणि माझा वाडगा निघाला तो लाल. विटेचा लाल नव्हे. पिकलेल्या डाळिंबाचा असतो तसा, आतून उजेड असल्यासारखा.

सगळा वर्ग गोळा झाला. सरांनी टकटक केलं, आवाज खणखणीत. त्यांनी तो उन्हात धरला, फिरवला, पुन्हा धरला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. मग वाडगा माझ्या हातात देत ते म्हणाले, "सांग. का झालं?"

मला काहीच माहीत नव्हतं. 'पता नहीं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांच्या स्वतःच्या डझनभर चिठ्ठ्यांवर तेच होतं. पण वीस जण माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी पहिली आले होते, आणि ते नशिबानं झालं असं मला म्हणवेना.

"लेपात थोडा गेरू मिसळला होता मी," मी म्हणाले. "चमचाभर. मुद्दाम. बघू म्हटलं काय होतं ते."

"शाबास!" ते म्हणाले. खिशातून कागद काढून तिथल्या तिथे त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'तांब्याच्या लेपात एक चमचा गेरू.' वाडगा वरच्या फळीवर मधोमध गेला.

पुढे कितीतरी महिने मी त्या फळीकडे बघायचं टाळत असे.

आमच्या वर्गात शबनम नावाची मुलगी होती. विणकरांच्या मोहल्ल्यातली, कमी बोलणारी, आणि हात इतका सफाईदार की चाकावर तिच्या बोटांत माती आपण होऊन उभी राहतेय असं वाटावं. घरी तिचं लग्न ठरवायची घाई चालली होती. वडिलांनी सांगितलं होतं, पहिल्या वर्षी चांगल्या गुणांनी पास झालीस तर दुसरं वर्ष कर, नाहीतर बस झालं. परीक्षेसाठी तिनं सहा कप आणि किटली केली. बाहेरचे परीक्षक सोमवारी येणार होते. आधीच्या गुरुवारी भट्टी उघडली.

सातही भांडी मळकट तपकिरी निघाली. डबक्याच्या तळाच्या गाळासारखी.

सरांनी टकटक केलं. आवाज उत्तम. त्यांनी विचारलं, "का झालं?"

शबनम म्हणाली, "मास्साब, मैंने तो वही किया जो पर्ची में लिखा था. एक चम्मच गेरू."

सर वळून माझ्याकडे बघू लागले. मी जमिनीकडे बघत राहिले. मग ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "गलती मेरी है. पर्ची मैंने लगाई थी. बिना जाँचे."

शबनम तोंडावर ओढणी धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर थोरले बंधू पिंडासाठी पीठ मळत बसले होते. काकूंनी मला आत घेतलं, पाटावर बसवलं, चहा ठेवला. कोनाड्यात एक बेढब बरणी होती. माझी नजर तिकडे गेलेली बघून काकू म्हणाल्या, "ह्यांची पहिली बरणी. पाझरते. म्हणून लोणचं नाही घालत, सुयादोरे ठेवते." मला हसू आलं नाही. सर गंगेवरून स्नान करून आले आणि मी त्यांना बसूही न देता सगळं सांगून टाकलं. गेरू घातलाच नव्हता. काय घातलं, काय झालं, काही माहीत नव्हतं. मी खोटं बोलले होते.

ओला पंचा वाळत घालता घालता ते थांबले. मला वाटलं होतं, त्यांना आधीच कळलं असेल. म्हणतील, मला ठाऊक होतं गं. पण त्यांचा चेहरा उतरला.

"मला नव्हतं आलं लक्षात," ते म्हणाले. "मला तू खरीच वाटलीस."

ह्या एका वाक्यानं मी जेवढी रडले, तेवढी बारावीचा निकाल लागला तेव्हाही रडले नव्हते. काकूंनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि त्या आत गेल्या.

थोड्या वेळानं सर समोर बसले. "मला सॉरी म्हणून काय होणार? तिच्याकडे जा. आणि एक लक्षात घे, तो वाडगा लाल का झाला हे अजून कुणालाच ठाऊक नाही. सोमवारपर्यंत तीन दिवस आहेत. रडायला नंतर वेळ काढू."

शबनम वर्गात होती. तपकिरी कप समोर मांडून बसली होती. मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे पता है मेरे घर में क्या चल रहा है?"

"पता है."

"फिर भी इतने महीने चुप रही?"

ती उठून खिडकीशी गेली. मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलायची नाही. मग न वळताच तिनं विचारलं, "रखा कहाँ था?"

"क्या?"

"वो कटोरा. भट्टी में कहाँ रखा था तूने?"

मी आठवू लागले. मी उशिरा आले होते, वरची जागा भरली होती. म्हणून मी वाडगा खाली, लाकडं जळतात त्या तोंडाला अगदी लागून ठेवला होता. कुणालाच नको असलेली ती जागा.

"उस दिन लकड़ी गीली थी," शबनम म्हणाली. आता ती वळली होती. "बारिश में भीगी हुई. कितना धुआँ था, याद है? मेरी आँखें जल रही थीं."

सर दारात उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "धूर! वीस वर्षं मी भट्टीला हवा पुरेशी मिळावी म्हणून धडपडतोय. हवा कमी पडली म्हणून लाल झालं असेल तर? तांब्याला त्या कोपऱ्यात हवाच मिळाली नसेल." मग शबनमला म्हणाले, "कोरे बर्तन कितने बचे हैं तेरे?"

एकदा भाजलेले, लेप न दिलेले चार कप उरले होते.

शनिवारी उजाडताच आम्ही अंगणातली छोटी भट्टी पेटवली. दोन कप आगीच्या तोंडाशी, दोन मागे. लेप तोच, साधा, गेरू नसलेला. आधी कोरडी लाकडं, आणि आग पुरेशी चढल्यावर पाणी शिंपडलेली. एवढा धूर झाला की शेजारच्या चित्रकलेच्या वर्गानं खिडक्या लावून घेतल्या आणि त्यांचे सर खोकत खोकत चौकशीला आले. आमचे सर त्यांना म्हणाले, "शास्त्र चाललंय. जरा सब्र करा." आम्ही तिघं दिवसभर आळीपाळीनं लाकडं देत होतो. शबनम माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. "लकड़ी." "पानी." "हट."

दुपारी मी हळूच सरांना विचारलं, "नाही झालं तर?"

"तर तेही लिहू. नाही झालं म्हणजे धूर नव्हता, दुसरं काहीतरी होतं, इतकं तरी कळेल." मग आगीत बघत म्हणाले, "पण व्हायला पाहिजे गं."

रविवारी संध्याकाळी भट्टी निवली. विटा सरांनी स्वतः काढल्या. त्या दिवशी त्यांनी घड्याळ काढून ठेवलं नाही, टकटकही केलं नाही. मागचे दोन कप हिरवे होते. पुढचा एक कप लाल, दुसरा लालच, फक्त एका बाजूला राखाडी डाग पडलेला. शबनमनं तो लाल कप दोन्ही हातांत धरला, खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि धुराच्या काजळीतून गालावर दोन रेघा उमटल्या.

सोमवारी परीक्षक आले. गंभीर, सुटाबुटातले गृहस्थ. शबनमनं सगळंच मांडलं होतं. तपकिरी किटली आणि सहा कप, दोन हिरवे, दोन लाल. त्यांनी भुवया उंचावल्या. "ये बिगड़ा हुआ माल भी दिखाओगी?"

"जी. इसके बिना लाल वाला समझ में नहीं आएगा."

आणि एरवी चार शब्द न बोलणारी ती मुलगी जवळजवळ अर्धा तास बोलली. गेरूनं काय झालं, धुरानं काय झालं, आगीजवळ काय आणि आगीपासून लांब काय. परीक्षक मध्येच टेबलाच्या कडेवर टेकून बसले. शेवटी त्यांनी विचारलं, गेरूचं तुला सांगितलं कुणी? शबनम तपकिरी कप सरळ करू लागली. तिनं माझं नाव घेतलं नाही.

"मैंने," मी म्हणाले. "झूठ बोला था."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं. शबनम वर्गात पहिली आली. मला काठावर पास केलं. तो निकाल मी घरी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवला, आणि आईला कळेना की एवढ्याशा गुणांवर ही इतकी खूश का.

सरांनी लाल वाडग्याची जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लावली. एक तपकिरी कप खालच्या फळीवर ठेवला. त्याला दोन चिठ्ठ्या होत्या. एक मी लिहिलेली. दुसरीवर त्यांच्या अक्षरात, 'न तपासता चिठ्ठी लावली,' आणि खाली त्यांची सही. पुढच्या वर्षी नवी मुलं आली, ती आधी ती सही बघायची आणि मग दबकत सरांकडे बघायची.

शबनमला माझ्याशी नीट बोलायला दिवाळी उजाडली. ईदेला तिनं मला घरी शेवया खायला बोलावलं तेव्हा कुठे मी मोकळा श्वास घेतला. वर्ग संपला, बाबांची पुन्हा नाशिकला बदली झाली. शबनम तिथेच राहिली, पुढे शिकली आणि त्याच वर्गात सरांच्या हाताखाली शिकवायला लागली.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते पंचगंगा घाटावर. मावशीला काशी दाखवायला घेऊन गेले होते. थंडीचे दिवस. त्या उभ्या पायऱ्या मी जपून उतरत होते, तर खाली हे नावेत चढताना दिसले. हातात फावडं, खांद्यावर रिकामी पोती. नाव डुगडुगत होती आणि नावाडी त्यांच्यावर ओरडत होता. मी हाक मारली.

"अरे बिटिया! पलीकडे चाललोय. पुरानंतर वाळूखाली गाळाची माती राहते, तिचं काही होतं का बघतो. येतेस?"

मावशीला सोडून मला जाता आलं नाही. नाव निघाली. मधल्या पाण्यात पोचेपर्यंत ते उभेच होते, फावड्याचा आधार घेऊन, आणि नावाडी त्यांना बसा म्हणून सांगत होता.

दीडेक वर्षानं शबनमचं पत्र आलं. एका सकाळी स्नानाहून परतताना सर पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. निरोप कॉलेजात पोचला तेव्हा भट्टी पेटलेली होती. दुसऱ्या वर्षाची मुलं लगेच घाटाकडे धावली. पहिल्या वर्षाची बारा मुलं आणि शबनम मागे राहिली. पेटलेली भट्टी अर्ध्यावर सोडली तर आतलं सगळं जातं. त्या मुलांची ती पहिलीच भाजणी होती. तिनं लिहिलं होतं, कुणाला काही सांगावं लागलं नाही. दुपार टळेपर्यंत ती पोरं ओळीनं लाकडं देत राहिली. आग हवी तेवढी चढली तेव्हा त्यांनी विटा लावून भट्टीचं तोंड बंद केलं, आणि हातपाय न धुता, तशीच काजळीनं माखलेली, गल्ल्यांमधून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाच्या दिशेनं चालू लागली.